आधी डाग ओळखावा

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात, आणि मुहूर्त निघाले की दंतवैद्यांच्या दवाखान्यांत एक ठरावीक मागणी वाढते. दात दुखत नसतो, किडलेला नसतो, हिरडीतून रक्तही येत नसतं. दात पिवळे दिसतात, फोटोच्या आधी पांढरे करून हवेत, एवढंच. कधी नवरी आईला घेऊन येते, कधी मैत्रिणीला. अलीकडे नवरेमुलंही येतात. हाताशी आठ-दहा दिवस असतात, मोबाइलमध्ये कुणाचा तरी हसरा फोटो असतो, आणि बहुतेकांनी घरी काही ना काही करून पाहिलेलं असतं. कुणी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळलेला असतो, कुणी कोळशाची पेस्ट मागवलेली असते, कुणी स्ट्रॉबेरी कुस्करून लावलेली असते.

बाजारही सज्ज आहे. काळी पेस्ट, जांभळी पेस्ट, दातांना चिकटवायच्या पट्ट्या, तोंडात धरायचा निळा दिवा, सलूनमधली झटपट पॅकेजं, दवाखान्यातलं ब्लीचिंग, रात्री घालून झोपायचे ट्रे, आणि सगळ्यात महाग असे व्हेनिअर. या सगळ्यांवर ‘व्हाइटनिंग’ हा एकच शब्द छापलेला असतो. त्यातली कुठली वस्तू कुठल्या डागावर चालते आणि कुठल्या डागावर अजिबात चालत नाही, हे मात्र वेष्टनावर सापडत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. दात पांढरा करण्याचा प्रश्न हा मुळात निदानाचा प्रश्न आहे. ‘दात पिवळे आहेत’ या एका तक्रारीमागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात. ती वेगळी न करता केलेला खर्च बहुधा वाया जातो, आणि काही वेळा दातही गमवायला लावतो.

पहिली गोष्ट अशी की निरोगी दात पांढराशुभ्र नसतोच. दाताच्या बाहेरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने त्याचा ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पण ते अपारदर्शक नाही. दुधी काचेतून मागच्या भिंतीचा रंग जाणवावा तसा त्याच्यामागच्या डेंटिनचा रंग बाहेर दिसतो, आणि डेंटिन पिवळसरच असतं. कुणाचं एनॅमल जाड, कुणाचं पातळ. म्हणून एकाच घरातल्या दोन बहिणींच्या दातांचा रंग वेगळा असू शकतो. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं आणि आत डेंटिनचे थर वाढत जातात, म्हणून पन्नाशीतला दात विशीतल्या दातापेक्षा पिवळा दिसणारच. त्यात रोग काही नाही. दुधाचे दात पडून आठव्या वर्षी पक्के दात आले की कित्येक आया घाबरतात, हे नवे दात पिवळे कसे म्हणून. दुधाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात आणि दोन्ही शेजारी-शेजारी उभे राहिल्यामुळे तो फरक डोळ्यांत भरतो, एवढंच त्याचं उत्तर.

दंतवैद्यांकडे रंग मोजायची एक पट्टी असते. जर्मनीच्या ‘व्हिटा’ कंपनीची सोळा छटांची पट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात ए, बी, सी, डी असे चार गट आहेत: तांबूस-तपकिरी, तांबूस-पिवळा, करडा आणि तांबूस-करडा. उपचाराआधी ही पट्टी दाताला लावून छटा लिहून घेतली आणि फोटो काढला तरच नंतर फरक पडला की नाही ते कळतं. ज्या दवाखान्यात हे न करता थेट जेल लावतात, तिथे प्रश्न विचारायला हवेत. पिवळ्या छटा ब्लीचिंगला लवकर दाद देतात, करड्या छटा हट्टी असतात. हे आधी सांगितलं गेलं तर निम्मी निराशा टळते.

पहिलं कारण म्हणजे वरवरचे डाग. चहा, कॉफी, पानातला कात, तंबाखू, गुटखा, सिगारेट. लोहाचं पातळ औषध घेणाऱ्या मुलांच्या दातांवर काळपट रेषा येतात. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने महिनाभर चुळा भरल्या आणि चहा चालू राहिला, तर दात तपकिरी होतात. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं असतं ते किटण, म्हणजे दातांवर आणि हिरडीच्या कडेला चढून कडक झालेला थर. हे सगळं एनॅमलच्या बाहेर असतं आणि दवाखान्यात दात साफ करून घेतले की निघतं. ‘क्लीनिंग केलं की दात हलतात’ हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खरं उलटं आहे. किटणाने हिरडी आणि हाड मागे सरकलेलं असतं, आणि किटणच दाताला टेकू देऊन उभं असतं. ते काढल्यावर आधीच झालेलं नुकसान जाणवतं. कित्येकांना ब्लीचिंगची गरजच नसते. एक स्वच्छ क्लीनिंग आणि पॉलिशिंग झालं की त्यांचा मूळ रंग त्यांना परत मिळतो. तो त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेला नसतो, म्हणून त्यांनाच नवल वाटतं.

मशेरीवर थोडं थांबायला हवं. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर फिरवत बसायचं, हे कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात असंख्य घरांत पाहायला मिळतं. माझ्या आजीच्या पिढीत ती दात घासायची वस्तू समजली जाई, व्यसन नव्हे. म्हणूनच जिने कधी विडीला हात लावला नसता, अशी बाईही मशेरीशिवाय दिवस सुरू करू शकत नसे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा पोचणार? मुंबईतल्या गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. तेव्हा मशेरीचे काळे डाग घालवायला आलेल्या बाईच्या तोंडात दंतवैद्याने सर्वांत आधी पाहायचं ते डाग नव्हेत. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, तिखट लागलं की आग होते का, हे पाहायचं. कॅन्सरच्या आधीच्या अवस्था अशा वेळी सापडू शकतात. पांढऱ्या दातांच्या हौसेने का होईना, ती बाई खुर्चीत बसलेली असते. ही संधी घालवणं अक्षम्य आहे.

कोळशाचंही असंच. राखुंडी, माकडछाप काळी टूथ पावडर, कोळसा आणि मीठ, हे महाराष्ट्राच्या न्हाणीघरांतलं जुनं सामान. टूथपेस्ट आली तेव्हा लोकांनी ते मागास म्हणून टाकून दिलं, आणि आता तोच कोळसा आकर्षक ट्यूबमध्ये, कितीतरी पट किमतीला परत आला आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली कोळशाच्या दंतमंजनांवरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा आला. कोळसा सुरक्षित आहे किंवा परिणामकारक आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा त्या अभ्यासकांना मिळाला नाही. कोळसा काम करतो तो घासून. वरचा डाग थोडा जातो, त्याबरोबर एनॅमलही थोडं जातं. एनॅमल पुन्हा उगवत नाही. ते पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन अधिक दिसतं. म्हणजे पांढरा करायला म्हणून वर्षभर जोर लावून घासलेला दात वर्षाअखेर अधिक पिवळा दिसू शकतो. पेस्ट किती खरवडते ते मोजायचं एक माप आहे, आरडीए. आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची वरची मर्यादा २५० ठेवली आहे. आपल्याकडच्या ट्यूबवर हा आकडा सहसा नसतो. तो छापावा अशी मागणी ग्राहक संघटनांनी करायला हवी.

नुसता खाण्याचा सोडा फारसा खरवडत नाही, त्याला लोक उगाच भितात. वाईट आहे ते लिंबू. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो. लिंबाने मऊ झालेल्या एनॅमलवर लगेच ब्रश फिरवणं म्हणजे ते आपल्या हाताने उतरवणं. आंबट खाल्ल्यावर, सरबत प्यायल्यावरसुद्धा चूळ भरावी आणि ब्रश करायला अर्धा तास थांबावं. जांभळ्या पेस्टचं प्रकरण निरुपद्रवी आहे. निळसर-जांभळा रंग पिवळ्यावर बसला की डोळ्याला पांढरं दिसतं, कपड्यांना नीळ घालतात त्यामागचं तत्त्वही हेच. काही तासांनी तो धुऊन जातो. एका संध्याकाळपुरतं हवं असेल तर हरकत नाही, पण त्याने दात पांढरा होत नाही.

०००

दाताच्या आतला रंग बदलणारी वस्तू एकच, पेरॉक्साइड. तिचा घरगुती वापर सापडला तो योगायोगाने. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या फोर्ट स्मिथ गावी बिल क्लुस्मियर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. १९६० च्या दशकात हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून ते रुग्णांना ‘ग्लाय-ऑक्साइड’ नावाचं जंतुनाशक त्यांच्या रिटेनरमध्ये, म्हणजे दात जागेवर धरणाऱ्या साच्यात, घालून रात्री लावायला सांगत. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळले. ही गोष्ट डॉक्टरांच्या गप्पांतून आणि स्थानिक बैठकांतून पसरत राहिली. १९८९ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी त्यावर रीतसर लेख प्रसिद्ध केला. रात्री ट्रे घालून दात उजळायची आजची पद्धत तिथून जगभर गेली.

पेरॉक्साइडचे रेणू एनॅमलमधून, डेंटिनमधून काही मिनिटांत आत शिरतात आणि रंग देणारे मोठे सेंद्रिय रेणू तोडतात. तुटलेले तुकडे प्रकाश तितका शोषत नाहीत, म्हणून दात उजळ दिसतो. इथे घासणं नाही, एनॅमल उतरवणं नाही. म्हणून योग्य हाती, योग्य मात्रेत ही पद्धत सुरक्षित मानली जाते. मात्र आकडे नीट वाचावे लागतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकीचा युरिया. डब्यावर ‘३५ टक्के’ लिहिलेलं असेल तर ते कशाचे, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ३५ टक्के कार्बामाइड आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या ताकदीत जवळजवळ तिपटीचा फरक आहे.

खुर्चीतल्या ब्लीचिंगला तासभर लागतो. ओठ आणि गाल बाजूला धरायला प्लास्टिकची चौकट बसवतात. हिरड्यांच्या कडेने निळसर रेझिनची भिंत घालून ती प्रकाशाने कडक करतात, कारण दातांवर येणारं जेल २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं आणि ते हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून भाजते. मग जेल लावणं, दहा-पंधरा मिनिटं थांबणं, पुसणं, पुन्हा लावणं. निळ्या दिव्याचा बडेजाव असतो, पण त्या दिव्याने रंगात टिकाऊ फरक पडतो असं अभ्यासांत ठामपणे दिसत नाही. काम जेल करतं. खुर्चीतून उठताना आरशात दिसणारा पांढरेपणा सगळाच खरा नसतो. तासभर तोंड उघडं राहिल्याने दात कोरडे पडलेले असतात, आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. पुढच्या काही दिवसांत छटा थोडी खाली येते आणि मग स्थिरावते. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लीचिंग करणं शहाणपणाचं नाही. महिनाभर आधी क्लीनिंग, मग ब्लीचिंग, आणि रंग बसायला दोन आठवडे, असा हिशेब धरावा.

मला विचाराल तर ज्यांना घाई नाही त्यांनी घरी घालायचे ट्रे निवडावेत. दातांचं माप घेऊन बनवलेला पातळ ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइडचं थेंबभर जेल, रात्री झोपताना, साधारण दोन आठवडे. खर्च सहसा खुर्चीपेक्षा कमी येतो, मात्रा सौम्य असते, दात शिवशिवले तर एक रात्र सोडता येते, आणि ट्रे नीट जपला तर वर्ष-दोन वर्षांनी चार रात्रींचं जेल पुरतं. तंबाखूचे जुने डाग असतील तर दोन आठवडे पुरत नाहीत, दोन-तीन महिने लागतात. दुकानातल्या पट्ट्याही पेरॉक्साइडवरच चालतात, पण त्या सगळ्यांच्या दातांच्या मापाच्या नसतात. वाकड्या दातांच्या फटीत पोचत नाहीत आणि कडेला हिरडीवर चढतात.

शिवशिवणं हा सर्वांत सार्वत्रिक त्रास आहे. गार पाणी लागलं की कळ येते, कधी काही न लागताही एक तिडीक जाते. बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन आठवडे आधीपासून लावली तर कमी होतं. पण किडलेला दात, तडा गेलेला दात, हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ, यांवर पेरॉक्साइड गेलं तर ती साधी शिवशिव राहत नाही. म्हणून आधी तपासणी, गरज वाटली तर एक्स-रे, मग किडीचे उपचार, आणि त्यानंतर रंग. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. अठरा वर्षांखालच्या मुलांनीही.

कॅप, व्हेनिअर, पुढच्या दातातलं दातासारख्या रंगाचं फिलिंग यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, हे कित्येकांना उपचारानंतर कळतं. सगळे दात उजळतात आणि मधली एक कॅप जुन्या रंगाची उरते. नवी कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग करावं, आणि मग दोनेक आठवडे थांबून नव्या छटेशी जुळणारी कॅप करावी. ब्लीचिंगनंतर लगेच लावलेलं फिलिंग दाताला नीट धरतही नाही.

हे जेल कुणी वापरावं याचेही नियम आहेत. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात ०.१ टक्क्यापर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड खुल्या बाजारात ठेवलं, त्यावर ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्याच्या देखरेखीखाली आणि अठरा वर्षांवरच्यांसाठी. ब्रिटनमध्ये २०१३ साली हायकोर्टाने दात पांढरे करणं हे दंतवैद्यकीचंच काम आहे असा निकाल दिला. आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासून नोंदणीकृत दंतवैद्यच दंतवैद्यकी करू शकतो. तरीही मॉलमधल्या टपरीवर आणि पार्लरच्या खुर्चीत हे जेल लावलं जातं. तिथे लावणाऱ्याला किडलेला दात ओळखता येत नाही आणि हिरडी भाजली तर पुढे काय करायचं तेही ठाऊक नसतं. ग्राहकाने एवढं तरी विचारावं: तुम्ही नोंदणीकृत दंतवैद्य आहात का, आणि जेलमध्ये काय आहे, किती टक्के?

०००

एकच दात करडा किंवा काळपट झाला असेल तर ती वेगळीच कहाणी असते. लहानपणी सायकलवरून पडणं, कबड्डीत कोपर लागणं. दातातली नस मरते, रक्त झिरपून आतून रंग धरतं, आणि काही वर्षांनी दात काळवंडतो. अशा दातावर बाहेरून पट्ट्या लावून उपयोग नाही. आधी एक्स-रे, मग रूट कॅनाल, आणि मग त्या पोकळीतच ब्लीचिंगचं औषध भरून वरून बंद करतात, आठवड्याने बदलतात. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालू आहे. एका दातासाठी सगळ्या जबड्याचं पॅकेज घेऊ नये.

चाळिशी-पन्नाशीतल्या काहींच्या दातांवर करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या दिसतात. हे बहुधा टेट्रासायक्लिनचं काम. या औषधांच्या घराण्यातलं पहिलं, ऑरिओमायसिन, १९४८ साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर आलं, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. या औषधांनी असंख्य जीव वाचवले. पण ती कॅल्शियमला चिकटतात आणि घडत असलेल्या दातात कायमची बसतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धापासून मूल आठ वर्षांचं होईपर्यंत ती दिली तर दातांवर पट्टे उमटतात. हे कळेपर्यंत अनेक मुलांच्या दातांत ती बसली होती. हेवूड आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की अशा दातांवर सहा महिने रोज रात्री ट्रे लावला तर पुष्कळ फरक पडतो. सहा महिने! ‘वीस मिनिटांत’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ब्लीचिंगने जे जमत नाही तिथे व्हेनिअर येतात: दाताच्या पुढच्या भागावर चिकटवलेला पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांना चित्रीकरणापुरते असे पापुद्रे बसवून देत आणि काम संपलं की काढून घेत. आज ते काढता येत नाहीत. बसवण्यासाठी बहुतेकदा एनॅमल अर्धा मिलिमीटरच्या आसपास घासावं लागतं, आणि एकदा घासलं की त्या दाताला आयुष्यभर कशाचं ना कशाचं आवरण लागणार. तडा गेला तर नवं, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा नवं. तुटलेल्या, वेड्यावाकड्या घडणीच्या, गडद डागांच्या दातांसाठी हे वरदान आहे. पण निरोगी, किंचित पिवळसर दात असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला ‘स्माईल डिझायनिंग’च्या नावाखाली दहा दात घासून द्यायला सांगणं मला चुकीचं वाटतं, आणि अनेक जुने दंतवैद्यही याबद्दल हळहळतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा पांढरा दात तोंडात उपराच दिसतो, असं ते सांगतात.

पांढरेपणाचा हा आग्रह सनातन नाही. जपानात शतकानुशतकं विवाहित आणि खानदानी स्त्रिया लोखंडाच्या आम्लातल्या द्रावणाने आणि माजूफळासारख्या तुरट पुडीने दात काळेभोर ठेवत. १८७० साली मेइजी सरकारने दरबारातल्या घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली आणि १८७३ साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. मराठी घरांतही दातवण लावून दात काळे करायची रीत होती, आणि काळे दात सवाष्णीला शोभा देत. दीडशे वर्षांत डोळ्यांची सवय उलटली, पण दात तेच राहिले.

०००

आता ज्या डागाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, त्याकडे येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग, इथल्या काही गावांत तरुण मुलं बोलताना ओठ मिटून घेतात किंवा हात तोंडावर धरतात. दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे, तपकिरी पट्टे, कुठे खड्डे. हा चहाचा डाग नाही, अस्वच्छतेचा तर नाहीच. हे फ्लोरोसिस आहे.

त्याचा छडा लागला तो अमेरिकेत. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि तिथल्या माणसांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. तीस वर्षं तो कारण शोधत होता. संशय पाण्यावर होता, पण पाण्यातल्या कशावर ते कळत नव्हतं. १९३१ साली अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी आर्कान्सातल्या बॉक्साइट गावचं पाणी तपासलं. त्यात लिटरला १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात १ मिलिग्रॅमपर्यंतचं फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंतचं चालवून घेतात.

दात हिरडीच्या आत घडत असताना शरीरात फ्लोराइड जास्त गेलं की एनॅमल नीट पक्कं होत नाही. दात बाहेर येतो तेव्हा बिघाड झालेला असतो. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाच्या दातावरचा तो पट्टा, तो दोन-तीन वर्षांचा असताना प्यायलेल्या पाण्याची नोंद असते. नंतर पाणी बदललं तरी ती पुसत नाही. विंधन विहिरी खोल गेल्या आणि कठीण खडकात मुरलेलं पाणी वर येऊ लागलं, तशी काही भागांत ही अडचण वाढली. पुढे तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधेही आखडतात.

अशा मुलांना पट्ट्या आणि कोळशाची पेस्ट विकणं ही उघड फसवणूक आहे. ब्रशने न निघणाऱ्या डागापायी त्यांना ‘दात घासत नाहीस का?’ असं शाळेत ऐकून घ्यावं लागतं, सोयरीक जुळवताना दात पाहिले जातात, आणि मग मुलगा किंवा मुलगी एकदा गप्प झाली की गप्पच राहते. उपाय आहेत, फक्त ते डागाच्या खोलीप्रमाणे निवडावे लागतात. सौम्य पांढऱ्या चट्ट्यांवर ब्लीचिंगने भोवतालचा रंग उजळतो आणि चट्टा कमी उठून दिसतो. पहिल्या काही दिवसांत तो उलट जास्त दिसतो, हे रुग्णाला आधी सांगावं लागतं. वरच्या थरातले तपकिरी डाग सौम्य आम्ल आणि बारीक पुडीने हलके घासून काढतात, त्याला मायक्रोअ‍ॅब्रेजन म्हणतात. सच्छिद्र चट्ट्यांत पातळ रेझिन जिरवता येतं. खड्डे पडलेल्या दातांना कॉम्पोझिट किंवा व्हेनिअर लागतात, आणि इथे मात्र त्यांचा खर्च सार्थ आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) आणि मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात खाजगी दवाखान्यांपेक्षा कितीतरी कमी पैशांत उपचार मिळतात. हे गावापर्यंत पोचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

यामुळे फ्लोराइडच्या टूथपेस्टवर राग धरू नये. योग्य मात्रेतलं फ्लोराइड कीड रोखतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, आणि ती गिळू नये म्हणून कुणी मोठ्या माणसाने जवळ उभं राहावं. ज्या गावच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त आहे तिथे कुठली पेस्ट वापरावी हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावं.

तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० च्या दशकात काढली, आपल्याच राज्यात. ती स्वस्त आहे, पण रोज मात्रा मोजून घालावी लागते आणि खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा हाही प्रश्न असतो. त्यापेक्षा जिथे धरणाचं किंवा पावसाचं पाणी मिळू शकतं तिथे स्रोतच बदलणं जास्त टिकतं. पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच-पाच स्त्रियांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं जातं, आणि त्या किटमध्ये फ्लोराइडची चाचणी असते. आपल्या गावच्या प्रत्येक बोअरचा आकडा ग्रामसभेत मागता येतो. पुढच्या पक्क्या दातांचं एनॅमल मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत घडत असतं, म्हणून तपासणीची सुरुवात अंगणवाडीत पाणी भरणाऱ्या बोअरपासून करावी.